'निरोधक' ही संज्ञा : एका मानवी प्रथिनाच्या नावाची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : अमुक इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता योजावा? शब्द संस्कृतोद्भव असावा की बोलीतला, उच्चारास सुलभ असावा की अर्थास नेमका, याविषयी मतभेद होतात. आणि ते होणे स्वाभाविकही आहे. परंतु ज्या मूळ संज्ञेचा प्रतिशब्द आपण शोधीत असतो, ती संज्ञा आपल्या विषयाशी कितपत प्रामाणिक आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मूळ संज्ञाच सदोष असेल तर प्रतिशब्द जितका अचूक, तितक्याच अचूकपणे तो दोष मराठीत उतरतो. अशा वेळी प्रतिशब्दकाराचे काम केवळ कोश चाळण्याचे राहत नाही. त्याला मूळ शब्दाची चिकित्सा करावी लागते.

प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते अगदी लहान. परिभाषेच्या अभ्यासवर्गात जीवरसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने एक माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले. प्रयोगशाळांना प्रथिनांच्या ज्या कुप्या पुरविल्या जातात त्यांजबरोबर येणारे ते पत्रक होते. त्याच्या मथळ्याचे मराठी रूपांतर तिला आपल्या प्रबंधिकेसाठी हवे होते. मी ते असे करून दिले : 'पुनर्संयोजित मानवी प्रतिलेखन-निरोधक प्रथिन वायवाय-१, केवळ संशोधनाकरिता.' व्याकरणाच्या दृष्टीने यात काही वावगे नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी, या प्रथिनाविषयीचे मूळ निबंध वाचल्यानंतर, त्यातील 'निरोधक' हा शब्द मला परत घ्यावा लागला. तो का परत घ्यावा लागला आणि त्याच्या जागी काय असावे, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

२

प्रथम मथळ्यातील इतर शब्दांकडे पाहू. कारण त्यांची तपासणी केल्यावाचून 'निरोधक' या शब्दाचे वैशिष्ट्य ध्यानात येणार नाही.

'प्रतिलेखन' या शब्दाविषयी तक्रार करण्यास जागा नाही. किंबहुना येथे मराठीने इंग्रजीवर मात केली आहे, असे म्हटले तरी चालेल. या प्रक्रियेचे इंग्रजी नाव आम्हां भाषाभ्यासकांच्या क्षेत्रात ध्वनिलेखनासाठी वापरले जाते, म्हणजे बोललेले अक्षरांत उतरविणे. पेशीत असे काही घडत नाही. तेथे डीएनएच्या एका धाग्यावरून पूरक अक्षरांच्या नियमाने आरएनएचा धागा तयार होतो, आणि त्यात थायमिनच्या जागी युरासिल येते, एवढाच लिपीचा फरक. एका लेखावरून दुसरा लेख उतरून घेणे म्हणजे पोथीवरून पोथीची प्रत करणे होय. 'प्रतिलेखन' हा शब्द नेमके तेच सांगतो.

'पुनर्संयोजित' हे विशेषण मात्र सरळ नाही. पुनर्संयोजन होते ते डीएनएचे : मानवी जनुकाची प्रत एका वाहक डीएनएत जोडली जाते आणि तो वाहक जिवाणूत घातला जातो. त्या जिवाणूने तयार केलेले प्रथिन स्वतः पुनर्संयोजित नसते, ते पुनर्संयोजित डीएनएपासून उत्पन्न झालेले असते. विशेषण एका नामाचे आणि लागले दुसऱ्या नामास, असा हा प्रकार आहे. तथापि व्यवहारात त्याने कोणाची फसगत होत नाही. 'उपाशी दिवस' म्हटल्याने दिवस उपाशी असल्याचा समज कोणी करून घेत नाही, तद्वतच हे.

'मानवी' या विशेषणाचीही थोडी फोड केली पाहिजे. कुपीतील प्रथिन बहुधा कोणत्याही मानवी पेशीत कधीच नसते. ते इ. कोलाय या जिवाणूत, काही ठिकाणी कीटकांच्या पेशींत, तर काही ठिकाणी गव्हाच्या अंकुराच्या अर्कात तयार केलेले असते. शुद्धीकरणाच्या सोयीसाठी त्याला पुष्कळदा एक शेपटी जोडलेली असते. ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे प्रथिन या कामी फार वापरले जाते. १९८८ साली रूढ झालेल्या पद्धतीत ते शिस्टोसोमा जॅपोनिकम या परोपजीवी कृमीच्या जनुकावरून घेतलेले आहे. म्हणजे कृमीची शेपटी लावलेले, जिवाणूने घडविलेले असे हे 'मानवी' प्रथिन असते. तरीही येथे 'मानवी' हा शब्द खोटा नाही. तो द्रव्याचे उगमस्थान सांगत नसून अमिनो आम्लांच्या क्रमाचे मूळ सांगतो. एखाद्या ग्रंथाची प्रत कोणत्या गावी छापली यावरून तो ग्रंथ कोणाचा हे ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

अशा रीतीने तीन शब्दांपैकी एक निर्दोष, एक लाक्षणिक आणि एक मर्यादित अर्थाने खरा, असा निकाल लागतो. उरला तो 'निरोधक'. हा शब्द द्रव्याविषयी अथवा उगमाविषयी काही सांगत नाही. ते प्रथिन काय करते, हे सांगण्याचा तो दावा करतो. याच कारणास्तव त्याची परीक्षा अधिक कसोशीने झाली पाहिजे.

३

ही संज्ञा ज्या प्रसंगी जन्माला आली तेथे ती अगदी यथार्थ होती. १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी प्रथिननिर्मितीच्या नियमनाविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. इ. कोलायला लॅक्टोज ही शर्करा मिळाली म्हणजे ती पचविणारी प्रथिने तो तयार करतो, आणि शर्करा नसेल तर ती निर्मिती बंद ठेवतो. ही बंदी कोण घालते? एक स्वतंत्र जनुक आपले एक उत्पादन पाठविते आणि ते उत्पादन दुसऱ्या जनुकांचे काम रोखून धरते, असे अनुमान त्यांनी मांडले, आणि त्या उत्पादनास 'निरोधक' या अर्थाचे नाव दिले. तो पदार्थ कोणी पाहिलेला नव्हता. तो आरएनए असावा की प्रथिन, हेही तेव्हा निश्चित नव्हते. म्हणजे ते नाव एखाद्या वस्तूला दिलेले नव्हते. ते एका कार्याला दिलेले होते, आणि त्या कार्याचा कर्ता पुढे शोधावयाचा होता. १९६५ साली जाकोब, मोनो आणि आंद्रे ल्वोफ यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी लॅक्टोज-व्यवस्थेतील निरोधक वेगळा काढून तो प्रथिन असल्याचे दाखविले, आणि पुढच्याच वर्षी मार्क टाश्ने यांनी लॅम्डा या जिवाणुभक्षी विषाणूचा निरोधक वेगळा केला.

नाव आधी आणि नामधारी मागाहून, असा हा क्रम आहे. अशा वेळी नावाचा आणि वस्तूचा मेळ बसणारच; कारण नावाच्या व्याख्येनुसारच वस्तू शोधलेली असते. परंतु येथेसुद्धा हा मेळ फार काळ निर्वेध राहिला नाही. लॅम्डाचा निरोधक इतर जनुकांना रोखीत असतानाच आपल्या स्वतःच्या जनुकाचे प्रतिलेखन वाढवितो, असे पुढे आढळून आले. निरोध करणारा आणि प्रेरणा देणारा एकच, आणि तेही त्याच डीएनएवरील शेजारशेजारच्या जागी बसून! नाव मात्र 'निरोधक' हेच राहिले.

४

मानवी पेशीतील वायवाय-१ या प्रथिनाची कथा याहून अधिक बोधप्रद आहे. १९९१ साली यांग शी, एडवर्ड सेटो, लाँग-शेंग चांग आणि थॉमस शेंक यांनी त्याचे वर्णन केले. हे संशोधक ॲडेनो-सहवर्ती विषाणूच्या पी-५ नावाच्या प्रवर्तकाचा, म्हणजे प्रतिलेखन जेथून सुरू होते त्या भागाचा, अभ्यास करीत होते. या प्रवर्तकात आरंभबिंदूच्या सुमारे साठ अक्षरे आधी असलेला एक तुकडा प्रतिलेखन रोखून धरतो. परंतु ॲडेनोविषाणूचे ई१ए हे प्रथिन पेशीत असेल तर तोच तुकडा प्रतिलेखन वाढवितो. त्या तुकड्यावर बसून निरोध करणारे पेशीतील प्रथिन त्यांनी ओळखले, त्याच्या जनुकाची प्रत मिळविली आणि तिचा अक्षरक्रम लावला. ई१ए आले म्हणजे निरोध उठतो, एवढेच नव्हे तर याच प्रथिनामार्फत प्रतिलेखनास चालना मिळते, असेही त्यांना आढळले. एकाच वस्तूच्या ठायी वसणाऱ्या या दोन विरुद्ध वृत्ती पाहून चिनी तत्त्वविचारातील यिन आणि यांग या परस्परपूरक द्वंद्वावरून त्यांनी त्याचे नाव ठेविले. 'वायवाय' ही त्या दोन शब्दांची आद्याक्षरे होत.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. ज्यांनी हे प्रथिन प्रथम वर्णिले त्यांना त्याचे द्विविधत्व ठाऊक होते आणि त्यांनी ते नावातच नोंदवून ठेविले. शिवाय त्याच सुमारास इतरांनीही हेच प्रथिन स्वतंत्रपणे शोधून काढले होते. इम्युनोग्लोब्युलिनच्या जनुकांवर काम करणाऱ्या पार्क आणि ॲचिसन यांना ते एका ठिकाणी निरोध करणारे व दुसऱ्या ठिकाणी चालना देणारे म्हणून दिसले. उंदराच्या रायबोसोमी प्रथिनांच्या जनुकांवर काम करणाऱ्या हरिहरन, केली आणि पेरी यांना ते अनेक कामे करणारा एक घटक म्हणून आढळले, आणि त्यांनी त्याला 'डेल्टा' म्हटले. म्हणजे ज्याने त्याने आपापल्या वाक्यात हा शब्द वाचला आणि आपापल्या वाक्यापुरता त्याचा अर्थ लावला. असे असता, प्रथिनांच्या आंतरराष्ट्रीय नोंदसंग्रहात या प्रथिनाचे जे मुख्य नाव स्थिरावले आहे ते 'प्रतिलेखन-निरोधक प्रथिन वायवाय-१' असे आहे, आणि माहितीपत्रके तेच उचलतात. गंमत अशी की त्याच्या जनुकाचे अधिकृत नाव 'वायवाय-१ प्रतिलेखन घटक' असे निःपक्षपाती आहे. जनुक तटस्थ, आणि त्याचे अपत्य मात्र जन्मतःच एका पक्षाला वाहिलेले!

या संयुक्त नावाची फोड केली तर ते आत्मविरोधी आहे हे लगेच दिसून येते. त्याचा पूर्वार्ध म्हणतो, हे निरोध करते. उत्तरार्ध म्हणतो, हे दोन्ही करते. परंतु उत्तरार्ध दोन अक्षरांत आणि एका अंकात आखडला गेल्यामुळे मुका झाला आहे. वाचणाऱ्यास ऐकू येतो तो पूर्वार्धच.

५

या प्रथिनाची रचना मोठी नाही. ४१४ अमिनो आम्लांची ती साखळी असून तिच्या शेवटाकडे जस्ताच्या अणूभोवती वळलेली चार 'बोटे' आहेत. ती बोटे डीएनएवरील विशिष्ट अक्षरक्रम ओळखून तेथे पकड घेतात. पकड घेतल्यानंतर पुढे काय घडते ते मात्र त्या बोटांवर अवलंबून नसते. ते कोठे बसले आणि शेजारी कोण आहे, यावर ते अवलंबून असते.

पी-५ प्रवर्तकाचेच उदाहरण घेऊ. आरंभबिंदूच्या साठ अक्षरे आधीच्या जागी वायवाय-१ निरोध करते, हे वर आले आहे. त्याच प्रवर्तकाच्या ऐन आरंभबिंदूवरही त्याची एक जागा आहे. आणि तेथे बसलेले हेच प्रथिन प्रतिलेखनास चालना देते व त्याला दिशा दाखविते, असे सेटो, शी आणि शेंक यांनी १९९१ सालीच दाखवून दिले. पुढे १९९४ साली उशेवा आणि शेंक यांनी परीक्षानळीत याहूनही लक्षणीय गोष्ट सिद्ध केली. पीळ घातलेला डीएनए, प्रतिलेखन करणारे आरएनए पॉलिमरेज-२, टीएफ-२बी हा एक घटक आणि वायवाय-१, एवढ्या मोजक्या सामग्रीवर पी-५ पासून प्रतिलेखन सुरू होते. एरवी ज्यावाचून आरंभ होत नाही असे समजले जाई त्या दुसऱ्या एका प्रथिनाची तेथे गरज भासली नाही. ज्याला आपण निरोधक म्हणतो ते येथे शब्दशः आरंभ करून देणारे ठरले. उलट, निरोध करावयाचा झाल्यास वायवाय-१ ला पुष्कळदा साथीदार लागतो. १९९६ साली हिस्टोन-डीॲसिटिलेज या वर्गातील एका प्रथिनाशी त्याची युती दाखविली गेली. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल-खुणा पुसून टाकणे हे त्या साथीदाराचे काम, आणि निरोधाचा मोठा वाटा त्याचा. आता शुद्ध प्रथिनाच्या कुपीत ना डीएनए, ना हिस्टोन, ना साथीदार. त्या कुपीवर 'निरोधक' असे लिहिणे म्हणजे रंगपटात एकट्या बसलेल्या नटाला खलनायक म्हणून हाक मारण्यासारखे आहे.

भाषेच्या अभ्यासकास यात काही नवे वाटू नये. मराठीतील 'ना' या अव्ययाकडे पाहा. 'तो काही केल्या येईना' या वाक्यात 'ना' निषेध करतो. 'ये ना!' या वाक्यात तोच ध्वनी आग्रह करतो. 'तू येणार ना?' या वाक्यात तो होकाराची अपेक्षा व्यक्त करतो. ज्या व्याकरणकाराला पहिलेच वाक्य प्रथम भेटले त्याने 'ना' म्हणजे 'निषेधक' असे नाव ठेविले, आणि पुढील सर्व व्याकरणे तेच नाव गिरवीत राहिली, तर 'ये ना!' ऐकणारा परदेशी विद्यार्थी दारातूनच परत फिरेल. दोष 'ना' चा नव्हे. एका वाक्यातील कार्य शब्दाच्या स्वभावावर लादणाऱ्या नावाचा तो दोष आहे.

अर्थ कशाने निश्चित होतो, या प्रश्नाचा आपल्या परंपरेत फार बारकाईने विचार झालेला आहे. शब्द अनेकार्थी असेल तेव्हा त्याचा प्रस्तुत अर्थ ठरविणाऱ्या गोष्टींची मोजदाद करताना भर्तृहरीने साहचर्य, विरोध, प्रकरण, दुसऱ्या शब्दाचे सान्निध्य, देश, काल अशा अनेक बाबी सांगितल्या आहेत. वायवाय-१ च्या संदर्भात ही मोजदाद जवळजवळ जशीच्या तशी लागू पडावी, हे विलक्षण आहे. ई१ए किंवा डीॲसिटिलेज यांची उपस्थिती म्हणजे सान्निध्य. साठ अक्षरे आधी की ऐन आरंभबिंदूवर, हा देश. अर्थात पेशीला भाषा आहे असे मला येथे सुचवावयाचे नाही. ते साम्य कितपत ताणावे यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस रोमान याकोबसन आणि जाकोब यांची चर्चा झाली होती, आणि सावधगिरीची बाजू जीवशास्त्रज्ञानेच घेतली होती. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्याचे कार्य संदर्भाने ठरते त्याचे नाव संदर्भ वगळून ठेवले तर काय बिघडते, हे भाषाशास्त्राला ठाऊक आहे, आणि तेवढे ज्ञान त्याने शेजाऱ्यास उसने द्यावे.

६

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. नावे ही शेवटी संकेतमात्र असतात, असे म्हणता येईल. 'तेल' या शब्दाचा तिळाशी असलेला संबंध आपण केव्हाच विसरलो आहोत, आणि मोहरीचे तेल म्हणताना कोणी अडखळत नाही. 'कुशल' म्हणताना कुश नावाचे गवत कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. यौगिक शब्द वापराने रूढ होतात, आणि रूढ झाल्यावर त्यांची व्युत्पत्ती निरुपद्रवी बनते. मग 'निरोधक' हेही वायवाय-१ चे रूढ नाव मानून स्वस्थ का बसू नये? शिवाय रूढ नाव बदलले तर जुने वाङ्मय शोधणे कठीण होते, ही व्यावहारिक अडचण आहेच.

आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. आंतरराष्ट्रीय नोंदसंग्रहातील नाव बदलावे असा आग्रह धरण्याचा मराठीच्या अध्यापकास अधिकार नाही, आणि त्याचे प्रयोजनही नाही. पहिला भाग मात्र तपासून पाहिला पाहिजे. 'तेल' रूढ झाले. कारण त्यातील 'तीळ' आता जिवंत उरलेला नाही. 'निरोधक' मधील 'क' हा प्रत्यय जिवंत आहे. लेखक, गायक, पाचक, दाहक हे शब्द रोजच्या व्यवहारात असल्याने 'निरोधक' वाचताच मराठी वाचक त्याची फोड करतो : निरोध करतो तो. ही फोड नकळत होते, म्हणूनच ती धोक्याची असते. संज्ञा रूढ असेल आणि वाचक ती यौगिक समजून वाचीत असेल, तर त्याच्या मनात सिद्धांत तयार होतो आणि तो सिद्धांत आहे हे त्याला कळतही नाही.

असा सिद्धांत नुसता पुस्तकी राहत नाही. २०१७ साली गाब्रिएले आणि सहकाऱ्यांनी ज्या मुलांत व तरुणांत वायवाय-१ च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झालेली होती त्यांच्या आजाराचे वर्णन केले. बौद्धिक वाढीतील अडचणी हे त्या आजाराचे प्रमुख लक्षण होय. 'निरोधक' या शब्दावर विसंबून विचार करणारा विद्यार्थी येथे काय अपेक्षील? निरोधक अर्धा झाला, तेव्हा जनुके मोकाट सुटली असतील आणि जे मिटलेले असावयास हवे ते उघडे पडले असेल. परंतु त्या रुग्णांच्या पेशींत आढळले ते याच्या उलट दिशेचे. वायवाय-१ ज्या वर्धक भागांवर बसते तेथील, प्रतिलेखन चालू असल्याची निदर्शक अशी ॲसिटिल-खूण मोठ्या प्रमाणावर कमी झालेली होती. त्याच वर्षी वाइनट्राउब आणि सहकाऱ्यांनी असेही दाखविले की दूरचे वर्धक भाग आणि प्रवर्तक यांना डीएनएच्या वळशांनी जवळ आणण्याच्या कामी हे प्रथिन जोडदुव्याप्रमाणे उपयोगी पडते. जोडणाऱ्यास रोखणारा म्हटले तर प्रयोगाची आखणीसुद्धा चुकीच्या प्रश्नापासून होऊ शकते. कोणते नियंत्रण-प्रयोग ठेवावेत, कोणत्या जनुकांकडे प्रथम पाहावे, कोणता निकाल 'अनपेक्षित' म्हणून बाजूस सारावा, हे सर्व मनात आधीच बसलेल्या शब्दावरून ठरत असते. तज्ज्ञाला या प्रथिनाचा इतिहास माहीत असतो, म्हणून नाव त्याला फसवीत नाही. ज्याची वाचनाला नुकतीच सुरुवात झाली आहे, आणि जो मातृभाषेत विचार करीत असल्याने शब्दाची फोड सहज करू शकतो, तोच फसतो. परिभाषा सिद्ध करावयाची ती तर त्याच्याचसाठी.

७

मग मराठीत काय करावे? 'दमनकारी' हा शब्द मी प्रथमच बाजूला ठेवतो. त्यात बळजबरीची आणि राजकीय दडपशाहीची छटा आहे. 'अवरोधक' हा शब्द एका वेगळ्या संकल्पनेसाठी राखून ठेवला पाहिजे. तयार झालेल्या विकराचे काम अडविणारा तो अवरोधक, आणि विकर तयारच होऊ न देणारा तो निरोधक, हा भेद जीवरसायनशास्त्रात महत्त्वाचा आहे. 'निरोध' या शब्दास १९६८ पासून आपल्या देशात एक भलताच व्यावहारिक अर्थ चिकटला आहे, आणि वर्गात त्यामुळे कधी हशाही पिकतो. पण योगशास्त्रापासून चालत आलेला शब्द तेवढ्यासाठी टाकून देण्याचे कारण नाही. तेव्हा 'निरोधक' हा शब्द परिभाषेतून घालवावा, असे माझे म्हणणे नाही. तो कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये, एवढेच सांगावयाचे आहे.

येथे पाणिनीय व्याकरणातील एक भेद उपयोगी पडतो. क्रिया करणारा एवढेच सांगणारे प्रत्यय वेगळे, आणि ती क्रिया ज्याचे शील आहे, ज्याचा धर्म आहे किंवा जो ती उत्तम प्रकारे करतो त्याला उद्देशून येणारे प्रत्यय वेगळे, अशी व्यवस्था तेथे केलेली आहे. आज स्वयंपाक करीत आहे तो, आणि स्वयंपाक हाच ज्याचा धर्म आहे तो, यांत फरक आहे. आधुनिक मराठीने हा भेद प्रत्ययांतून गमावला असून 'क' हा एकच प्रत्यय दोन्ही कामे करतो. म्हणून तो भेद परिभाषाकाराने जाणीवपूर्वक पाळावयास हवा. लॅक्टोज-व्यवस्थेतील प्रथिनाचे शीलच निरोध हे आहे. त्याला 'निरोधक' म्हणावे. वायवाय-१ निरोध करते ते प्रसंगाने. तेव्हा त्याच्या नावात निरोध नसावा. निरोध असावा तो वाक्यातील क्रियापदात, म्हणजे कर्त्याबरोबर अधिकरणही सांगावे लागते. 'ई१ए नसताना पी-५ प्रवर्तकावर वायवाय-१ प्रतिलेखनाचा निरोध करते' हे विधान लांबट आहे खरे. पण त्यात कोण, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आलेली आहेत. 'प्रतिलेखन-निरोधक' या समासाने नेमकी यांतली दोन गिळून टाकली होती.

नावासाठी 'प्रतिलेखन-नियामक' ही संज्ञा मी सुचवितो. ती फार व्यापक आहे, तिच्यापासून काहीच विशेष बोध होत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु नावाने सर्व काही सांगितलेच पाहिजे ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. नावाने वस्तू ओळखू यावी आणि तिच्याविषयी खोटे सांगितले जाऊ नये, एवढे पुरे. विशेष बोध करून देणे हे वाक्याचे काम आहे, आणि वाक्ये लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी परिभाषा नसते.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली. तेव्हापासून परिभाषेचे पुष्कळ काम आपल्याकडे झाले, आणि त्याची थट्टाही पुष्कळ झाली. थट्टेचा रोख बहुधा शब्दांच्या काठिण्यावर असतो. शब्द कठीण असला तरी तो वापराने मऊ होतो, हा अनुभव आहे. 'प्रतिलेखन' हाही कधीकाळी कठीणच वाटला असेल. जो शब्द सोपा असून चुकीचा आहे त्याचे मात्र वापराने काहीच सुधारत नाही. वापर वाढेल तशी त्यातली चूक दिसेनाशी होते. इंग्रजीत ही चूक एका दीर्घ परंपरेत गुरफटलेली आहे आणि ती सोडविणे तेथील विद्वानांनाही जड जाते. मराठीत या प्रथिनाचे नाव अद्याप कोणत्याही पाठ्यपुस्तकात घट्ट रुजलेले नाही. मागाहून येणाऱ्या भाषेला जर काही लाभ असेल तर तो एवढाच, की दुसऱ्यांची ठेच पाहून तिला पाऊल टाकता येते.

त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेत मथळा शेवटी असा गेला : 'पुनर्संयोजित मानवी प्रथिन वायवाय-१, प्रतिलेखन-नियामक, केवळ संशोधनाकरिता.' त्याखाली तिने स्वतःहून एक ओळ जोडली होती : हे प्रथिन कोणत्या जागी निरोध करते आणि कोणत्या जागी चालना देते, ते पुढील प्रकरणात पाहावे. नावातून जे काढून घेतले होते ते तिने योग्य ठिकाणी, म्हणजे प्रकरणात, नेऊन ठेविले होते.